एक थेंब तेल

मुलांनो,

आज मी तुम्हांला माझी एक चूक सांगणार आहे. आम्ही शिक्षक तुमच्या चुका काढतो. लाल शाईचे पेन असते ना आमच्याकडे! पण कधी कधी तेच पेन स्वतःच्या वहीवर चालवायची पाळी येते. माझ्यावर ती आली ती एका चरख्यामुळे, आणि चौथीतल्या एका मुलामुळे. त्याचे खरे नाव मी सांगणार नाही. आपण त्याला बंड्या म्हणू.

मी राहते कामथडीला. पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, भोर तालुक्यात, नसरापूरच्या जवळ आमचे गाव आहे. रस्त्यावर दिवसरात्र ट्रकची घरघर, आणि रस्ता सोडून जरा आत गेले की भाताची खाचरे. माझी शाळा जवळच्याच एका वाडीवर आहे. पहिली ते चौथीचे वर्ग, दोन शिक्षक, आणि एक लोखंडी कपाट. त्या कपाटात खडू, नकाशे, तराजू, आणि सगळ्यांत वरच्या कप्प्यात एक लाकडी पेटी.

ही पेटी मिटलेली असली की जाडजूड पुस्तकासारखी दिसते. पुस्तकासारखीच ती उघडते. आणि उघडली की आत काय असते? चरखा! तुम्ही चित्रात पाहता तो भल्यामोठ्या चाकाचा, जमिनीवर मांडायचा चरखा नव्हे. हा पेटी-चरखा. याला ‘येरवडा चक्र’ असेही म्हणतात. गांधीजी १९३० साली पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते. चरखा लहान कसा करता येईल, घडी घालून प्रवासात कसा नेता येईल, याची त्यांनी तिथे पुष्कळ खटपट केली. म्हणून तुरुंगाचे नाव चरख्याला मिळाले!

या चरख्याची रचना आधी समजून घ्या, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. पेटीत दोन चाके आडवी बसवलेली असतात. मोठ्या चाकाला हाताने फिरवायची मूठ असते. त्याच्यावरून एक दोरी दुसऱ्या चाकाच्या मधल्या लहानशा चकतीवर जाते. म्हणून मोठे चाक एकदा फिरले की दुसरे कितीतरी वेळा फिरते. दुसऱ्या चाकाच्या कडेवरून आणखी एक बारीक दोरी निघते आणि ती चातीला फिरवते. या दोरीला ‘माळ’ म्हणतात. चाती म्हणजे विणायच्या सुईसारखी टोकदार पोलादी सळई. तिला मधे एक छोटी गिरकी असते, माळ त्या गिरकीवर बसते. कापसाचा पेळू चातीच्या टोकाशी धरायचा, मूठ फिरवायची, हात हळूहळू मागे न्यायचा, की सूत निघते. आमच्या मुलांनी चाके आणि गिरकी दोऱ्याने मोजून गुणाकार केला. मूठ एकदा फिरवली की चाती शंभराच्या आसपास फेरे घेते, असे उत्तर आले. मुले दोन मिनिटे नुसती बघतच राहिली.

आता एवढ्या वेगाने फिरणारी वस्तू म्हटली की तिची निगा आलीच. ती मला ठाऊक नव्हती, आणि ठाऊक नाही हेही मला ठाऊक नव्हते!

हा चरखा शाळेला दिला आमच्या गुरुजींनी. ते माझ्याही आधी, फार वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. आता वय पंच्याऐंशीच्या पुढे. त्यांच्या वेळी शिक्षकांच्या प्रशिक्षणात सूतकताई शिकावीच लागे, आणि शाळेतल्या मुलांच्या हातात टकळी असे. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी पगारातून पैसे बाजूला टाकून हा चरखा घेतला. पुढे नजर अधू झाली, तेव्हा एक दिवस पेटी काखोटीला मारून शाळेत आले नि म्हणाले, “बाई, घरी माळ्यावर जाण्यापेक्षा हा इथं राहू दे. पोरांच्या हातात राहील.”

मी काय केले? कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवला आणि कुलूप लावले. का, तर मुलांनी मोडू नये म्हणून. वर्षातून दोनदा, २ ऑक्टोबरला आणि ३० जानेवारीला, तो खाली निघायचा. फोटोसमोर मांडायचा, झेंडूचा हार घालायचा, मुलांनी रांगेने बघायचे, की पुन्हा वर. डी.एड.ला असताना आम्हांला ‘कार्यानुभव’ हा विषय होता. आम्ही कागदाची फुले केली, पुठ्ठ्याची घरे केली. चरख्याला हात काही लागला नव्हता.

गेल्या वर्षी २ ऑक्टोबरला म्हटले, या वेळी चरखा नुसता मांडायचा नाही, चालवून दाखवायचा. पेटी उघडली, मूठ फिरवली, तर ‘कुईं कुईं’ असा आवाज! मुले खो-खो हसली. मी म्हटलं, तेल हवंय. शाळेत तेल कुठले? माझ्या पिशवीत खोबरेलाची लहान बाटली होती. मी दोन्ही चाकांच्या मधल्या कण्यांवर तेल ओतले. हो, ओतलेच! चाती जिथे टेकते तिथेही ओतले. माळही कोरडी दिसली, म्हणून तिच्यावरूनही तेलाचे बोट फिरवले. ऑक्टोबरचे ऊन होते. चरखा असा काही सुळसुळीत फिरायला लागला की विचारू नका. माळ मधेच घसरत होती, पण तिकडे मी काणाडोळा केला. दुपारी हार उतरवला आणि पेटी मिटून कपाटात ठेवून दिली.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. जानेवारीत थंडी पडली. आमच्याकडे सकाळी शेकोटीशिवाय हात चालत नाहीत. ३० जानेवारीला काही मुलांनी सूत काढून दाखवावे असे मी ठरवले आणि सरावासाठी आठवडाभर आधी पेटी खाली काढली. “कोण बसणार?” विचारल्यावर पहिला हात बंड्याचा.

बंड्याबद्दल थोडे सांगायला हवे. वाचताना तो अडखळतो. पाढे म्हणताना खिडकीबाहेर बघतो. पण वर्गातल्या घड्याळाचा सेल बदलायचा असो की दप्तराची अडकलेली चेन सोडवायची असो, बंड्याला बोलवा. त्याचे वडील हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात काम करतात. सुटीच्या दिवशी हाही तिथे पाने-स्क्रू ओळखत बसलेला असतो.

बंड्या चरख्यापुढे बसला. मूठ धरली. चाक हलेना. त्याने थोडा जोर लावला. चाक अर्धे फिरले आणि अडले. त्याने आणखी जोर लावला. तट्‌दिशी आवाज झाला. माळ तुटली, त्या झटक्याने पेटी बाकावरून सरकून खाली आदळली, आणि चाती वाकली.

सगळा वर्ग चिडीचूप. माझ्या डोळ्यांसमोर गुरुजींचा चेहरा आला. पन्नास वर्षांहून अधिक काळ त्यांनी जपलेली वस्तू! मी ओरडलेच. “दांडगाई करायला सांगितलं होतं का तुला? प्रत्येक गोष्टीत आपला हात घालायचा! गुरुजींना काय सांगू मी आता?”

बंड्या हळूच म्हणाला, “बाई, मी न्हाई मोडला. तो आधीच जड झालता.”

“वर तोंड करून बोलू नकोस,” मी म्हटलं. “जागेवर जाऊन बस.”

तो जाऊन बसला. रडला नाही. नुसता बाकाकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मुलांनो, चुकीचे उत्तर कुठे सापडेल सांगता येत नाही. मला ते सापडले न्हाणीघराच्या खिडकीत. तिसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या वेण्या घालायला म्हणून मी खोबरेलाची बाटली घेतली, उपडी केली, तर थेंब पडेना. तेल थिजून पांढरेशुभ्र झाले होते. तुमच्याही घरी थंडीत असेच होते ना? मग आई बाटली उन्हात ठेवते किंवा गरम पाण्यात धरते. मीही बाटली गरम पाण्यात धरली, आणि तशीच उभी राहिले. तेल हळूहळू पातळ होत होते आणि माझ्या लक्षात येत होते. साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली खोबरेल घट्ट होऊ लागते. हे मी मुलांना विज्ञानाच्या तासाला शिकवलेले आहे! ‘स्थायू, द्रव, वायू’ या धड्यात उदाहरण म्हणून मी दरवर्षी खोबरेलच सांगते.

त्या दिवशी मी अर्धा तास आधीच शाळेत गेले. पेटी उघडली. मोठ्या चाकाच्या कण्याजवळ सेफ्टी पिनेचे टोक घातले आणि फिरवून बाहेर काढले. टोकाला मेणासारखा पांढरा गोळा आला. त्यात कापसाचे तंतू, धूळ आणि झेंडूची एक वाळकी पाकळीसुद्धा! चरखा जड झाला होता तो माझ्या तेलाने. बंड्याने खरे तेच सांगितले होते.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. आई चुलीपुढे होती, वडील नुकतेच कामावरून आले होते. बाई घरी आल्या म्हटल्यावर सगळे घाबरले. “काय केलं याने?” वडिलांनी विचारले. मी म्हटलं, “त्याने नाही, मी केलं,” आणि सगळे सांगितले. वडील हसून म्हणाले, “बाई, मशिनीला खोबरेल घालत न्हाईत. थंडीत थिजतं, आन्‌ कचरा धरून ठिवतं.” बंड्या दाराआडून ऐकत होता.

पण मी रागावले होते सगळ्या वर्गासमोर. मग चूक एकट्याच्या घरी कबूल करून कसे चालेल? दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर मी वर्गाला पिनेवरचा तो पांढरा गोळा दाखवला आणि म्हटलं, “चरखा बंड्याने मोडला नाही. चुकीचं तेल मी घातलं, तेही नको तितकं. तो खरं सांगत होता आणि मी त्याला गप्प केलं. बंड्या, माझं चुकलं.” हे एवढे बोलायला मला किती जड गेले म्हणून सांगू! त्या थिजलेल्या चाकासारखेच झाले होते माझे. वर्ग शांत होता. बंड्या पुढे आला, पेटीत डोकावला आणि म्हणाला, “बाई, मग आता चाती सरळ करायची ना?”

त्याच दुपारी पेटी घेऊन आम्ही दोघे गुरुजींकडे गेलो. मला वाटले होते, ते चिडतील. त्यांनी वाकलेली चाती बोटांनी चाचपली आणि विचारले, “तुटली तर नाही ना? मग झालं तर.” थोड्या वेळाने म्हणाले, “बाई, तुम्ही हार घालत होता त्याचं मला वाईट वाटायचं. फिरत नाही तो चरखा कसला? गांधीजींना चरखा सापडला तोसुद्धा माळ्यावरच.”

ही गोष्ट खरी आहे बरं का. गांधीजींनी ‘हिंद स्वराज्य’ हे पुस्तक १९०९ साली लिहिले. पण तोपर्यंत आपण चरखा पाहिल्याचे आठवत नाही, असे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे. १९१५ साली ते भारतात परतले. आश्रमात हातमाग आला, पण चरखा मिळेना. शेवटी गंगाबेन मजमुदार नावाच्या एका धाडसी बाईंनी शोधशोध करून तो बडोदा संस्थानातल्या विजापूरला मिळवला. तिथे पुष्कळ घरांत चरखे होते, पण अडगळ म्हणून माळ्यावर टाकलेले!

गुरुजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. १९२९ साली चांगला चरखा बनवणाऱ्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले होते. त्या काळातले एक लाख! अटी मात्र कडक होत्या. चरखा हलका हवा, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता येईल असा हवा, आठ तासांत १६,००० वार सूत निघायला हवे, किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नको. आणि शेवटची अट अशी, की वेळच्या वेळी निगा राखली तर तो निदान वीस वर्षे चालला पाहिजे, आणि त्या निगेचा वर्षाचा खर्च किमतीच्या शेकडा ५ पेक्षा जास्त होता कामा नये. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातही या बक्षिसासाठी एक चरखा तयार झाला होता. बक्षीस मात्र कोणालाच मिळाले नाही. पण ती शेवटची अट बघा. चरखा बनवण्याच्या स्पर्धेत तो राखण्याचाही हिशेब धरला होता! १५० रुपयांवर शेकडा ५ म्हणजे किती? बंड्याला मी तिथेच विचारले. त्याने बोटे मोजून सांगितले, “साडेसात रुपये.” मग म्हणाला, “म्हणजे गाडीच्या सर्व्हिसिंगवानीच की!”

दुसऱ्या दिवशी गुरुजी स्वतः शाळेत आले. ओसरीवर उन्हात सतरंजी घातली आणि सगळी मुले भोवती बसली. त्या दिवशी मी विद्यार्थिनी होते. जे शिकले ते तुम्हांलाही सांगते.

पहिली गोष्ट, तेल घालायच्या आधी जुने काढायचे. गुरुजींनी पेटी तासभर उन्हात ठेवली. खोबरेल वितळले. मग दात घासायच्या जुन्या ब्रशने कोपऱ्याकोपऱ्यातला कापूस काढला आणि सुती चिंधीने कणे कोरडे पुसले. जिथे चिंधी जाईना तिथे काडीला कापूस गुंडाळून फिरवला. लाकडाला पाणी मुळीच लावले नाही. लाकूड पाण्याने फुगते, मग पेटी मिटत नाही आणि चाकेही तिरकी बसतात. गुरुजी म्हणाले, “चरख्याचा खरा शत्रू धूळ नव्हे, त्याच्याच कापसाचे तंतू. ते तेलात मिसळले की चिखल होतो.”

दुसरी गोष्ट, तेल कुठले? शिलाई मशीनचे. ते पातळ असते आणि आपल्याकडच्या थंडीत थिजत नाही. नसरापूरच्या बाजारातून लहानशी बाटली आणली, ती वर्षभर पुरेल. आणि किती? गुरुजींनी सुईचे टोक तेलात बुडवले आणि त्या टोकावरचा एक थेंब कण्यावर सोडला. एका जागी एकच थेंब. दोन्ही चाकांचे कणे, मुठीची खीळ, आणि चाती जिथे टेकून फिरते त्या दोन जागा. बस्स! मग मूठ वीस वेळा रिकामी फिरवायची आणि बाहेर आलेले तेल पुसून टाकायचे. मला माझी ऑक्टोबरमधली धार आठवली आणि मी खाली बघितले.

तिसरी गोष्ट, तेल कुठे नाही? हे फार महत्त्वाचे. माळेला नाही, चाकाच्या खाचेला नाही, आणि चातीच्या सूत गुंडाळायच्या भागाला तर नाहीच. एका मुलीने विचारले, “का गुरुजी?” त्यांनी उलट विचारले, “चिखलात पाय का घसरतो?” मग समजावून सांगितले. माळ चाकाला धरून ठेवते म्हणून चाती फिरते. माळेला तेल लावले तर ती धरणार कशी? घसरणारच. कण्याला घर्षण नको असते, माळेला घर्षणच हवे असते. “जिथं फिरायचं तिथं तेल, जिथं धरायचं तिथं कोरडं,” असे त्यांनी मुलांकडून दोनदा म्हणवून घेतले. आणि सुताला तेल लागले तर डाग पडतो, तो पुढे कापडातही राहतो.

चौथी गोष्ट माळेची. जुनी माळ तुटली होती, तेलाने खराबही झाली होती. मला वाटले, गाठ मारू. गुरुजी म्हणाले, “गाठ गिरकीवरून जाताना दर फेऱ्याला उडी मारते, त्या धक्क्याने सूत तुटतं.” म्हणून पक्क्या सुताचे पदर घेऊन त्यांना पीळ भरला, दोन्ही टोके उकलून एकमेकांत गुंफली आणि वरून मेण चोळले. पीळ भरायला दोन मुले दोन टोकांना उभी राहिली. ओसरी पुरेना, म्हणून एक जण अंगणात उतरला! माळ ताठ हवी, पण फार ताणलेली नको. काम झाले की ती चातीवरून उतरवून ठेवायची, म्हणजे तिचा आणि चातीच्या स्प्रिंगचा ताण टिकतो.

शेवटची गोष्ट वाकलेल्या चातीची. हे काम बंड्याने केले. चाती जागेवर बसवून हळू फिरवायची आणि टोकाजवळ कागदाची कड स्थिर धरायची. चाती सरळ असेल तर कड सगळीकडे सारखी लागेल. वाकलेली असेल तर एका बाजूला लागेल, दुसऱ्या बाजूला फट दिसेल. लागते तिथे पेन्सिलीने खूण करायची, चाती काढून लाकडी ठोकळ्यावर खूण वर करून ठेवायची आणि लहान हातोडीने हलके ठोकायचे. मग पुन्हा बसवून बघायचे. एकदा, दोनदा, दहा वेळा. बंड्याने किती वेळा केले ते मी मोजले नाही. पाढ्याच्या वेळी खिडकीबाहेर बघणारा हा मुलगा पाऊण तास मान वर न करता बसला होता. गुरुजींना बारीक दिसत नव्हते, म्हणून ते कान लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “आता थरथर नाही. सरळ झाली.”

३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता आपण हुतात्म्यांसाठी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतो. त्या आधी अर्धा तास आमचा चरखा चालला. ‘कुईं कुईं’ नाही, नुसता मऊ गुणगुणल्यासारखा आवाज. सूत कसे निघाले म्हणाल, तर कुठे दोरीएवढे जाड, कुठे केसासारखे बारीक, आणि दर हातभर अंतरावर तुटलेले. माझे तर सगळ्यांत वाईट! पण या वेळी चरख्याला हार घातला नव्हता. हार घातला की मूठ फिरवता येत नाही, हे आमच्या आता लक्षात आले आहे.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. वस्तू मोडेल म्हणून आपण ती मुलांच्या हातातून काढून घेतो, आणि मुलाने तिला हात लावल्यावर मोडली, की मोडली त्यानेच, असे धरून चालतो. ती आधीच जड झाली होती का, आणि कोणामुळे, हे विचारायचे राहून जाते. मी विचारले असते तर एका मुलाची दोन दिवसांची शाळा बुडाली नसती.

आता चरखा कपाटाच्या खालच्या कप्प्यात असतो, मुलांच्या हाताला येईल असा. दर शनिवारी सकाळची शाळा सुटण्यापूर्वी दोन मुलांची पाळी असते. ब्रश, चिंधी, सुईच्या टोकावरचे थेंब. एक ‘चरख्याची वही’ केली आहे. तारीख, कोणी पुसला, कुठे तेल घातले, काय बिघडले, हे तीत लिहायचे. बंड्याची अक्षरे वेडीवाकडी असतात, पण त्या वहीत सगळ्यांत जास्त नोंदी त्याच्याच आहेत. पावसाळ्यात एकदा त्याने लिहिले, “माळ दमट. चरका जड चालतो. पेटी उघडी ठेवली, उन पडल्यावर बरा.” ‘चरखा’ आणि ‘ऊन’ हे दोन्ही शब्द चुकले होते. मी लाल पेन उचलले, आणि आधी खाली ‘शाबास’ लिहिले. मग शब्द दुरुस्त केले.

सूत जमवून जमवून मार्चअखेर एक गुंडी पुरी झाली. जुन्या मापाने गुंडी म्हणजे ६४० तार, एक तार चार फुटांचा. एकूण किती फूट झाले ते तुम्ही काढा. ती गुंडी घेऊन मुले गुरुजींकडे गेली. त्यांनी ती गालाला लावून पाहिली, आणि तिच्यातले थोडे सूत परत मुलांच्या हातात दिले. “याची एक माळ करून पेटीत ठेवा,” म्हणाले. “पुढची तुटली की लागेल.”

ती माळ पेटीत आहे. आता तुम्ही एक करा. तुमच्या घरात फिरणारे काय काय आहे ते शोधा. सायकल, आजीचे शिलाई मशीन, विहिरीवरचा रहाट, दाराची बिजागरी. कोणती वस्तू कुरकुरते? जुने तेल पुसले आहे का? कुठे तेल हवे, कुठे नको? मोठ्या माणसांना विचारा आणि त्यांच्यासमोरच करा. आणि तेलाची बाटली उचलण्यापूर्वी ती खोबरेलाची तर नाही ना, एवढे मात्र बघा!

तुमच्या,
बाई